ह्यांचं लिंबू आणि सूनबाईची अळी

लोकांच्या सुना बँकेत असतात, शाळेत असतात, कुणाची दवाखान्यात असते. माझी सून अळ्यांत असते. शेजारणीनं पहिल्यांदा विचारलं, "काय करते हो तुमची सून?" तेव्हा मी सांगितलं, "मातीतल्या अळ्या मोजते." ती बाई हसली. तिला वाटलं, मी सुनेवर जळते. अगं, जळायला आधी ती काय करते ते कळायला नको का?

सूनबाईला 'अळी' हा शब्द चालत नाही. "आई, अळी नाही, सूत्रकृमी." सुताच्या धाग्यासारखा कृमी, म्हणून सूत्रकृमी. मी अळीच म्हणते. उघड्या डोळ्यांना दिसत नाही, काचेसारखी आरपार, आणि ओंजळभर मातीत शेकड्यांनी. बऱ्याचशा बिचाऱ्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण काहींच्या तोंडात सुई असते. ती झाडाच्या मुळात खुपसायची आणि रस ओढायचा. शेतकी संशोधन केंद्रात माझी सून या सुईवाल्यांच्या विभागात आहे. कुणाच्या टोमॅटोला काय लागलंय, कुणाच्या बटाट्याला काय, ते ओळखून सांगायचं. तिथं तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणतात. घरातही तेच. चहात साखर घालताना चमचा डब्याच्या काठाला घासून सपाट करून घेते. ती या घरात आली तेव्हा मला वाटलं होतं, हिचं नि माझं जन्मात जमायचं नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी काढलेली बाई. दिवसभर कानाला यंत्र लावून परक्या माणसांची नावं ओरडायची. माझ्या जिभेला हाड नाही. आणि ही चार शब्दांची जागा असेल तिथं दोन वापरणार.

आता लिंबाचं सांगते, कारण सगळं महाभारत तिथून झालं.

आमच्या गच्चीवर ह्यांचं लिंबू होतं. हे म्हणजे माझा नवरा. जगाची नावं घेतली मी, पण ह्यांना जन्मभर 'अहो'. पाण्याची मीटरं वाचत गल्लोगल्ली हिंडायची नोकरी होती ह्यांची. एके दिवशी कुठल्याशा नर्सरीतून हातभर काडी घेऊन आले. तेलाचा ड्रम आडवा कापला, तळाला भोकं पाडली, माती भरली, लावलं. मी म्हटलं, "गच्चीवर कधी लिंबू होतं का?" म्हणाले, "होईल." दरवर्षी मी चिडवायची, "अहो, तुमच्या लिंबाचं सरबत पिऊन माझा घसा बसला!" दरवर्षी तेच उत्तर, "होईल." आणि ज्या वर्षी हे गेले, त्याच वर्षी ते झाड लिंबांनी लगडलं. असा राग आला मला त्याचा! रडले, भांडले त्याच्याशी, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला पाणी घालायला लागले. पुढं कुणी दुसऱ्यानं पाणी घातलेलं मला खपायचं नाही.

तर त्या लिंबाची पानं पिवळी पडायला लागली. मी खत घातलं, राख घातली, अंड्याची टरफलं चुरून घातली. माझा मुलगा बस डेपोत मेकॅनिक आहे. तो म्हणाला, "म्हातारं झालं असेल." म्हटलं, "तू हो म्हातारा!" सूनबाई खाली वाकली. चमच्यानं कडेची माती आणि मुळाचं टोक काढून पिशवीत घेऊन गेली. दोन दिवसांनी पर्स खांद्यावर तशीच ठेवून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, लिंबाच्या मुळांवर सूत्रकृमी आहेत."

"मग औषध टाक."

"एवढ्यात नको. मला ते ओळखता येत नाहीयेत."

"ओळख काढून काय त्यांच्याशी सोयरीक करायचीय? मार मेल्यांना!"

ती खाली बसली. म्हणाली, "इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी नाव दिलेले कृमी ओळखतेय. हे आजवर कुणी पाहिलेलेच नसतील तर? मला थोडे महिने द्या. झाड फार खालावलं तर मी स्वतः औषध आणून टाकीन. शब्द देते." हिच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती. घाबरून हो म्हटलं.

मग सुरू झालं. बादलीत माती कालवायची, बारीक चाळणीतून ओतायची, उरलेला गाळ पातळ कागदावर पसरून पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. रात्रभरात अळ्या वळवळत कागदातून खाली पाण्यात उतरतात. त्यातली एकेक उचलायची. कशानं? सुईनं नाही, सुई त्यांच्यापुढं खांब. एका सुट्टीच्या दिवशी सूनबाई माझ्या तोंडाकडं टक लावून बघत बसली. म्हणाली, "आई, तुमच्या पापण्या छान आहेत." मी लाजलेच! अख्ख्या संसारात कुणी तेवढं म्हटलं नव्हतं. पुढं म्हणते कशी, "एक केस देता? माझे मऊ पडतात. तुमचा ताठ आहे."

"माझं सगळंच ताठ आहे," म्हटलं, आणि दिला. तो तिनं काडीच्या टोकाला चिकटवला आणि त्यानं ती पाण्यातून अळ्या उचलायला लागली. म्हणजे बघा, माझ्या नवऱ्याचं झाड खाणाऱ्यांना उचलून घ्यायला माझीच पापणी. कपाळ माझं!

उचललेली अळी गरम पाण्यात मारायची, औषधात मुरवायची, हळूहळू ग्लिसरीनमध्ये आणायची, दोन काचांमध्ये मेणानं बंद करायची. मग मायक्रोस्कोपखाली मापं. सुई केवढी, शेपटी केवढी, अंगावरच्या वळ्या किती. एका मादीचं माप घेऊन भागत नाही, पुष्कळ घ्याव्या लागतात. जगात कुठंही या जातीची भाऊबंद म्हणून जी नोंदली गेली असेल, तिच्याशी ताडून पाहायचं. सूनबाईनं सगळं केलं, यंत्रातून डीएनएही तपासून घेतला. मायक्रोस्कोपला लावलेल्या आरशातून बघत शाईनं चित्रं काढली, एक रेघ थरथरली की कागद बाजूला. आणि तिला फरक सापडला. डोक्याच्या मागं, मानेवर एक खाच. भाऊबंदांत कुणालाच नव्हती. लेख लिहिला, विभागाच्या साहेबांनी "उत्तम, उत्तम" केलं, आणि लेख बाहेरच्या एका मोठ्या मासिकाकडं गेला. ते तिसऱ्याच कुणा जाणकाराकडून तपासून घेतात, मग छापायचं की नाही ते ठरतं.

तपासणाऱ्याचं उत्तर आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. सूनबाईनं फोनवर वाचलं आणि फोन उपडा ठेवला. काय म्हणतो मेला, म्हटलं. तर तो म्हणत होता की मानेवरची खाच खरी कशावरून? पाणी फार गरम असेल तर मरताना डोकं फुगतं आणि मान आवळल्यासारखी दिसते. शिवाय तुमच्याकडं सगळ्या माद्या, नर एकही नाही. यंत्रातली डीएनएची तपासणी वेगळेपण दाखवते, मान्य, पण शरीरात पक्की खूण दाखवा. नाहीतर ही जुनीच जात समजा.

मी त्या माणसाचा असा उद्धार केला की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. न बघता बोलायला याचं काय जातं? सूनबाई म्हणाली, "आई, त्याचं बरोबर असू शकेल."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"विभागातला हीटर तेव्हा बंद होता. मी चहाच्या किटलीतलं पाणी घेतलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं ताज्या अळ्या घेतल्या आणि अर्ध्या किटलीच्या पाण्यात मारल्या, अर्ध्या जेमतेम मरतील इतक्याच कोमट पाण्यात. किटलीवाल्यांना खाच. कोमटवाल्या साफ, गुळगुळीत मान. महिन्यामहिन्यांची मापं, चित्रं, सगळं त्या किटलीत बुडालं. संध्याकाळी घरी येऊन तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

साहेब म्हणाले, सोडून द्या, जुनी जात म्हणून नोंदवा, कुणाला काय फरक पडतो? माझा मुलगाही म्हणाला, "अगं, जीव केवढा त्या किड्याचा, आणि तू जीव किती लावतेस!" सूनबाईनं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "खूण चुकली ती माझी. अळी चुकलेली नाही. ती वेगळीच आहे, आणि ते मी दाखवणार." रागाच्या भरात 'अळी' म्हणाली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. मला फार बरं वाटलं.

आता तिला नर हवा होता. या कुळात नर विरळाच, आणि असलेच तर खोलवर, जुन्या मुळांपाशी असतील असा तिचा अंदाज. चमच्यानं कडेकडेची माती काढून भागेना. एके दिवशी म्हणाली, "आई, ड्रम फोडून सगळी मुळं धुवून पाहायला हवीत. झाड वाचेलच असं सांगता येत नाही."

मी ताडकन उठले. "त्या झाडाला हात लावशील तर याद राख! ह्यांच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडं."

"बरं," म्हणाली. एवढंच! वाद नाही, रुसवा नाही. परत चमचा घेतला आणि कडेनं माती काढायला लागली. रोज ऑफिसला जायच्या आधी ओणवी होऊन चमचाभर माती. रोज संध्याकाळी मी विचारायचं, "सापडला का तुझा नवरदेव?" आणि तिनं मान हलवायची. तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ही बाई माझा शब्द पाळून आपलं काम रेटत होती.

आणि लिंबू खालावत चाललं. फांद्या दिसायला लागल्या. एका सकाळी मी पाणी घेऊन गच्चीवर गेले तर सूनबाई आधीच तिथं. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, ड्रमच्या कडेवर औषधाची बाटली.

"हे काय?"

"मी शब्द दिला होता तुम्हाला. आज टाकलं तर कदाचित तगेल. आणखी थांबलं तर नाही."

"आणि तुझा नर?"

"सगळेच जातील."

"दुसरीकडं नाही मिळायचे?"

मग कळलं की ही मला न सांगता ती नर्सरी शोधून आली होती. तिथं आता फरशांचं गोदाम होतं, सगळीकडं काँक्रीट. आसपासच्या बागांतली, रस्त्याकडेच्या झाडांखालची माती आणून तपासली होती. कुठंच नाही. असलेच तर या ड्रमात.

"मग तुझं काय?" मी विचारलं.

"माझं काही नाही. दुसऱ्यांनी नाव दिलेले आहेतच की भरपूर." हे तिनं जराही कण्हत-कुथत सांगितलं नाही. बाटलीचं बूच फिरवायला लागली. बोटं मात्र घसरत होती, मोज्यांमुळं असेल.

मी झाडाकडं पाहिलं. खरं सांगते, मला त्या झाडाचा लोभ होता. अजून आहे. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर आले ते त्या ड्रमसमोर बसून "होईल" म्हणणारे हे. वर्षानुवर्षं फूल नाही, फळ नाही, बायकोची रोजची थट्टा, आणि तरी "होईल". आणि समोर ही, तशीच! सख्खी लेक असती तरी इतकी ह्यांच्यावर गेली नसती. मग मी ओरडलेच.

"ठेव ती बाटली खाली! आणि तुझ्या नवऱ्याला उठव. त्याचं कटरचं मशीन घेऊन ये म्हणावं."

"आई, नीट विचार करा."

"तू मला शिकवू नकोस. जा!"

मुलानं ड्रम उभा चिरला. ताडपत्री अंथरून आम्ही ते झाड आडवं केलं. मुळांचा केवढा गुंता! ड्रमच्या आकाराचं वेटोळं झालं होतं, तळाच्या भोकांतून बाहेर यायला बघत होतं. सूनबाईनं थराथरानं मुळं धुतली, प्रत्येक थराची बादली वेगळी. मी पाणी भरून देत होते. कंबर मोडली माझी, पण कुणाला हात लावू दिला नाही. धुतलेली मुळं तिनं थर्मामीटर लावून कोमट पाण्यात बुडवली. अळ्या मरतील पण मूळ भाजणार नाही, इतकंच गरम. आता तिला गरमपणाचा अंदाज पक्का आला होता. मग ताज्या मातीत, नव्या ड्रमात झाड लावलं.

बादल्या घेऊन तिच्याबरोबर मीही केंद्रात गेले. माझं झाड, माझी पापणी, मी का नाही जायचं? लांबलचक टेबल, नळाखाली चाळण्यांची उतरंड, औषधाचा नाकात जाणारा वास. कोपऱ्यात किटली होती आणि तिच्यावर सूनबाईच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली: 'फक्त चहासाठी.' मला हसू आवरेना.

तिनं एकेक ताटली पाहायला घेतली. माद्या, पिल्लं, भलत्याच जातीचे कृमी, परत माद्या. मी खुर्चीत पेंगायला लागले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "आई." नुसतं "आई", पण तिचा आवाज ऐकून मी खडबडून उठले. तिनं मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. पाण्यात एक धागा. शेपटीला दोन्ही बाजूंनी पातळ झालर.

"हा नर?"

"हा नर. या कुळात सगळ्यांची झालर शेपटीच्या टोकापर्यंत जाते. याची बघा."

मी बघितलं. झालर अर्ध्यावरच संपली होती, पुढं शेपटी उघडी. "शिंप्याला कापड कमी पडलं वाटतं," म्हटलं. आणि माझी मोजपट्टी सून, कधी खळखळून न हसणारी, ती टेबलाला धरून हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तळच्या बादल्यांत आणखी नर निघाले. तिनं कोमट पाण्यात मारले, गरम पाण्यात मारले, मुद्दाम किटलीतही मारले. सगळ्यांची झालर अर्ध्यावरच. मग तिनं सगळा लेख नव्यानं लिहिला. मानेवरच्या खाचेची आपली चूकही त्यात घातली, किटलीसकट. मी म्हटलं, "ते कशाला? आपली लाज आपण कशाला वेशीवर टांगायची?" म्हणाली, "दुसरं कुणी फसायला नको म्हणून."

नाव द्यायची वेळ आली तेव्हा मात्र आमचं वाजलं. ही भीतभीत म्हणते, "आई, बाबांचं नाव देऊ का कृमीला? झाड त्यांचं होतं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ह्यांचं झाड खाणाऱ्या किड्याला ह्यांचंच नाव? खबरदार!" मग तिनं झालरीवरून दिलं. आखूड झालरीचा, असा काहीसा त्या परक्या शब्दाचा अर्थ आहे. मला बरा वाटला.

लिंबू गेलं. नव्या मातीत त्यानं दोन पानं काढली, आम्ही तिघंही रोज उठून आधी ती बघायचो, आणि मग तीही सुकली. मी कुणाला बोलले नाही. सूनबाई गच्चीवर एकटीच उभी होती, तिला म्हटलं, "चल, जेवून घे."

लेख छापून आला तेव्हा तिनं संगणकावर उघडला आणि मला आपल्या भाषेत सांगत गेली. मापं, चित्रं, नराची शेपटी, त्या तपासणाऱ्याचे आभार. मग एका ओळीवर थांबली. प्रत्येक नव्या जातीबरोबर लिहावंच लागतं म्हणाली, ती कुठं सापडली, कशावर सापडली. जग असेपर्यंत कुणीही ही जात शोधायला निघाला की त्याला आधी ही ओळ वाचावी लागणार. तिनं ती वाचली. मी म्हटलं, "परत वाच." परत वाचली. मी कागदावर लिहून घेतली आणि वन्संना फोन लावला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, कानानं जरा कमी.

"वन्सं, सूनबाईचं छापून आलं, त्यात ह्यांचं नाव आहे!"

"किड्याला माझ्या भावाचं नाव दिलंत?"

"किड्याला नाही हो! झाडाला. झाड कुणी लावलं ते लिहिलंय."

"असं कसं लिहितील? जसंच्या तसं वाचून दाखव."

मी कागद डोळ्यांसमोर धरला. वाचलं, "लिंबाच्या झाडाच्या मुळांभोवतीची माती. झाड लावणारे..." आणि अडकले. जन्मभर ज्यांना 'अहो' म्हटलं, त्यांचं नाव माझ्या जिभेला ठाऊकच नव्हतं.

"लावणारे कोण? ऐकू येत नाही गं!"

मी एक्स्चेंजमधला आवाज काढला. ह्यांचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर मोकळं सोडून, गल्लीतल्या खिडक्या उघडतील एवढ्या मोठ्यानं.

वन्सं म्हणाल्या, "ऐकलं मी. पण आणखी एकदा म्हण."

मी आणखी एकदा म्हटलं.